झाडं रात्र मोजतात

लेकरांनो, इकडे या. परड्यातल्या या दोन शेवंती बघा आणि मला सांगा, दोघींतली एकच का फुलली?

दोघी एकाच गड्ड्यातल्या. पावसाळ्याच्या तोंडाला जुन्या शेवंतीचे फुटवे वेगळे केले. एक इथं विहिरीच्या अंगाला लावला, दुसरा पुढं फाटकापाशी. माती तीच काळी, शेणखत एकाच ढिगातलं, पाणी एकाच नळीनं. मागची शेवंती मार्गशीर्षातल्या गुरुवारांच्या पूजेला ओंजळभर फुलं देत आलीय. फाटकाची मात्र मांडीएवढी वाढलीय, पानं गर्द हिरवी, पण कळी एक नाही. ऊन कमी पडतंय म्हणाल, तर फाटकाशी ऊन जास्त आहे. खत कमी म्हणाल, तर ती उपाशी नाही हे तिच्या पानांवरूनच दिसतं.

आज जेवणं झाली की फाटकाशी जा आणि वर बघा. तिथं दिवा आहे. तिन्हीसांजेला लागतो तो उजाडेपर्यंत जळतो. त्या शेवंतीला आषाढापासून रात्र अशी झालेलीच नाही, आणि रात्र झाल्याशिवाय शेवंती कळी धरत नाही.

हे माणसाला कळलं त्याला शंभरच वर्षं झालीत. अमेरिकेत वॉशिंग्टन शहराजवळ एक सरकारी शेत होतं. तिथं गार्नर आणि अ‍ॅलार्ड नावाचे दोघे तंबाखूवर काम करत. त्यांच्या वाफ्यात ‘मेरीलँड मॅमथ’ नावाचा एक वाण होता. तो उन्हाळाभर वाढत राही, माणसाच्या डोक्यावर जाई, पण फुलत नसे. थंडी पडली की फुलाआधीच मरून जाई. मग बी धरायचं कसं? म्हणून काही झाडं त्यांनी मुळासकट काचघरात हलवली, आणि ती तिथं ऐन हिवाळ्यात फुलली. दोघांनी ऊब बदलून पाहिली, ओल बदलून पाहिली, खत बदलून पाहिलं. उत्तर काही सापडेना. शेवटी न तपासलेली एकच गोष्ट उरली, ती म्हणजे दिवसाची लांबी. जुलै १९१८मध्ये त्यांनी एक छोटी अंधारी खोपी उभी केली. रोज दुपारी ४ वाजता तंबाखूच्या आणि सोयाबीनच्या कुंड्या आत ठेवायच्या, सकाळी ९ वाजता बाहेर उन्हात आणायच्या. बाहेर भर उन्हाळा, आणि खोपीतल्या झाडांना मात्र हिवाळ्याएवढा दिवस. तंबाखू फुलला! १९२०मध्ये त्यांनी हे छापून जगाला सांगितलं. मला या प्रयोगाचं फार कौतुक आहे. चार फळ्यांची खोपी आणि वेळेवर कुंड्या हलवणारे दोन हात, एवढ्यावर निसर्गातलं केवढं गुपित उलगडलं!

पण अजून निम्मी गोष्ट बाकी होती. सगळ्यांना वाटलं, झाड दिवस मोजतं. १९३८मध्ये हॅमनर आणि बॉनर या दोघांनी शंकेश्वर घेतला. बांधावर उगवतो, बोंडांना आकडे असतात आणि शेळ्यांच्या केसांत नि तुमच्या विजारीला चिकटतो, तोच. त्याला नुसती एक मोठी रात्र मिळाली तरी तो फुलायच्या वाटेला लागतो. त्यांनी दिवसा मध्येच थोडा वेळ अंधार केला. शंकेश्वराला त्याचं काही नाही. मग त्यांनी लांब रात्रीच्या मधोमध थोडा वेळ उजेड पाडला, आणि फुलणं थांबलं. म्हणजे झाड दिवस मोजत नव्हतं. ते अखंड अंधार मोजत होतं.

हे मोजतं कोण? पानातलं फायटोक्रोम नावाचं एक रंगद्रव्य. ते दोन रूपांत असतं. उजेडातल्या लाल किरणांनी ते जागं रूप घेतं, आणि अंधारात हळूहळू परत निजल्या रूपात जातं. अंधार पुरेसा लांब झाला की शेवंतीची पानं शेंड्याकडे निरोप धाडतात: आता पानं पुरे, कळी धर. मधेच उजेड पडला की सगळा हिशेब पहिल्यापासून.

म्हणून फाटकाचा दिवा रात्री दहाला मालवला तरी तिचं भागणार नाही. दहापासून सहापर्यंत आठच तास होतात, आणि तिला त्याहून पुष्कळ मोठी रात्र लागते. आपण दिव्याला तिच्या बाजूनं पत्र्याचा आडोसा लावू. कळी दिसायला काही आठवडे जातील, तोवर तिला युरिया दाखवायचा नाही. आणि मागची फुलून संपली की ती वीतभर ठेवून छाटायची. बुडातून जे फुटवे येतील ते पुढच्या सालचं बेणं.

तुम्ही विचाराल, आपल्या माढ्याला रात्री मोठ्या म्हणजे किती मोठ्या? आपण विषुववृत्तापासून साधारण १८ अंश उत्तरेला आहोत. २१-२२ डिसेंबरला आपला दिवस ११ तासांचा आणि रात्र १३ तासांची. जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांवर जातो. काश्मिरात किंवा लंडनमध्ये हा फरक कितीतरी मोठा. आपल्याकडे जेमतेम सव्वादोन तासांचा, पण झाडांना तेवढा पुरतो.

आता एक काठी अंगणात उभी रोवा आणि साडेबाराच्या सुमाराला तिची सावली मोजा. या दिवसांत आपला सूर्य ऐन माथ्यावर येतच नाही. दक्षिणेकडं कलून, क्षितिजापासून ४८-४९ अंशांपर्यंत चढतो आणि उतरतो. म्हणून आपल्या १० फुटी कुंपणभिंतीची सावली भर दुपारी उत्तरेकडं जवळपास ९ फूट पडते. त्या पट्ट्यात मेथी कशी पिवळट, लांबट आलीय बघितलंत? आणि भिंतीच्या दक्षिणेला, विटांच्या उबेत लावलेली मेथी कशी बुटकी, जाड पानांची आहे! थंडीतल्या बागेचं निम्मं काम कुंड्या हलवण्याचं असतं. टोमॅटो, मिरची, वांगी, गुलाब भिंतीच्या दक्षिण अंगाला आणा. अळू, पुदिना, कोरफड उत्तरेला राहिली तरी कुरकुर करत नाहीत.

आणि ही थंडी सूर्य लांब गेल्यामुळं पडते असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते. तेव्हा अंतर सुमारे १४ कोटी ७० लाख किलोमीटर, तर जुलैत १५ कोटी २० लाख. थंडी पडते ती ऊन तिरपं झाल्यामुळं आणि रात्र लांबल्यामुळं.

चला, आता तुळशीकडं. दिवाळीनंतर लग्न लावलं तेव्हा कशी तरारलेली होती, आणि आता पानं काळवंडून गळताहेत. तुळस उष्ण मुलखातली. पारा १०-१२ अंशांच्या खाली घसरायला लागला की तिच्या पेशींभोवतीचं स्निग्ध आवरण ताठरतं, आतलं पाणी बाहेर झिरपतं आणि पान काळं पडतं. त्यात तिनं सगळी ताकद मंजिऱ्यांत घातलेली. वाळलेल्या मंजिऱ्या खुडून घ्या, बी डबीत ठेवा, आणि संध्याकाळी तिच्यावर जुनं सुती लुगडं टाका. पान न पान झाकायला नको, डोक्यावर आडोसा पुरे. सकाळी ऊन आलं की काढायचं.

नुसत्या पातळ कापडानं ऊब कशी येते? हे समजायला दवाची गोष्ट ऐकावी लागेल.

लोक म्हणतात दव पडतं. दव वरून पडत नाही. लंडनमध्ये वेल्स नावाचे एक डॉक्टर होते. रात्री रात्री बागेत जाऊन ते लोकरीचे सारख्या वजनाचे पुंजके ठेवत, काही उघड्या आकाशाखाली, काही फळीच्या खाली, आणि पहाटे तोलून बघत. उघड्यावरचे पुंजके दवानं जड झालेले असत, फळीखालचे त्यामानानं कोरडे. १८१४मध्ये त्यांनी दवावर पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं. प्रत्येक वस्तू आपली उष्णता सतत बाहेर फेकत असते. दिवसा सूर्याकडून भरपाई होते. रात्री आभाळ निरभ्र असलं की पानाची उष्णता थेट वर जाते, आणि परत फारच थोडी येते. म्हणून पान भोवतालच्या हवेपेक्षाही काही अंशांनी गार होतं. मग हवेतली वाफ त्या गार पानावर पाणी होऊन बसते. ढग असले की ते ही उष्णता अडवून खाली परत पाठवतात. ढग म्हणजे आभाळाची गोधडी. म्हणूनच ढगाळ रात्री दव नसतं आणि थंडीही कमी असते. तुळशीवरचं लुगडं तेच काम करतं. ते ऊब निर्माण करत नाही, तुळशीची ऊब आभाळाला देत नाही इतकंच. घेवड्याच्या मांडवाखालची कोथिंबीर सकाळी कोरडी का असते, तेही आता तुम्हीच सांगू शकाल.

दवाचं सगळ्यात नवल बघायचं असेल तर पहाटे हरभऱ्यात जावं. आपण मागच्या दारी दोन वाफे टोकलेत तेवढेसुद्धा पुरे. पान बोटानं चाटून बघा. आंबट! हरभऱ्याच्या पानांवर, खोडावर, घाट्यांवर बारीक लव असते. लवेच्या टोकाला इवल्या ग्रंथी असतात आणि त्यांतून आम्ल पाझरतं. त्यात मॅलिक आम्ल असतं, सफरचंदाला आंबटपणा देतं ते, आणि ऑक्झॅलिक आम्लही असतं. यालाच आपण आंब म्हणतो. दवाच्या थेंबात आंब उतरते. आमच्या लहानपणी रात्री धुतलेलं पांढरं फडकं हरभऱ्यावर पसरून ठेवत, पहाटे ते चिंब व्हायचं, मग पिळून बाटलीत भरत. पोट दुखलं की पाण्यातून चार थेंब. हरभऱ्यातून अनवाणी गेलं की पाय चुरचुरतात ते याच आंबेनं. हरभरा ही तुमच्या पायांसाठी करत नाही. घाटेअळीला ती आवडत नाही, तिच्या वाढीत आंबेनं अडथळा येतो. घाटेअळी तरीही येतेच, पण झाडानं आपल्यापरीनं पहारा बसवलेला असतो. म्हणून हरभऱ्यावर वरून धो धो पाणी मारू नका, आंब धुऊन जाते. पाणी बुडाशी द्या. आणि फुलं लागायच्या आधीच शेंडे खुडा. खुडलेल्या झाडाला बगलेतून फांद्या फुटतात, आणि खुडलेल्या पाल्याची भाजी होते. उरलेला पाला सावलीत वाळवून ठेवला तर उन्हाळ्यात ताटात हिवाळा येतो.

पाण्याचं निघालंच आहे तर विहिरीपाशी या. सकाळी सातला बादली वर काढली की पाण्यातून वाफ निघते, हात घातला तर कोमट लागतं. विहीर रात्री तापत नाही. जमिनीखाली काही पुरुष खोलीवर उन्हाळा पोचत नाही आणि हिवाळाही पोचत नाही. तिथलं तापमान बारा महिने गावाच्या वर्षभराच्या सरासरीएवढं, म्हणजे आपल्याकडं २६-२७ अंशांच्या आसपास असतं. मे महिन्यात तेच पाणी गार लागतं, पौषात तेच कोमट, कारण बदलतो तो आपला हात आणि बाहेरची हवा. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी मात्र रात्रभर थंडीत निवतं. गारठलेल्या मुळांना पाणी ओढणं जड जातं. म्हणून हिवाळ्यात झाडांना सकाळी ऊन चढल्यावर, विहिरीचं किंवा बोअरचं ताजं पाणी द्यावं. फार गारठा पडणार असं दिसलं तर संध्याकाळी हलकं पाणी देऊन माती ओली ठेवावी. ओली माती दिवसाची ऊब जास्त साठवते आणि रात्री हळूहळू सोडते.

पण किती द्यायचं? आपली जमीन काळी, आणि ही काळी माती आळशी माळ्याला माफ करत नाही. ज्या ज्वालामुखींच्या लाव्ह्यापासून दख्खनचं पठार झालं ते साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. त्या काळ्या पाषाणाची झीज होऊन ही चिकण माती बनली. तिच्या कणांचे थर पाणी प्याले की फुगतात, सुकले की आकसतात. फुगली की हवा कोंडते आणि मुळं कुजतात. आकसली की भेगा पडतात, मुळं तुटतात, आणि भेगांतून खालची ओल उडून जाते. कढीपत्ता थंडीत वाढ थांबवून बसतो, त्याला उन्हाळ्याएवढं पाणी दिलंत तर तो गेलाच म्हणून समजा. पाण्यापेक्षा खुरपं जास्त चालवा. वरचा दोन बोटं थर भुसभुशीत ठेवला की भेगा बुजतात. ‘एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी’ हे आपल्याकडचे शेतकरी उगाच म्हणत नाहीत. आपल्या सोलापुरात १९३३पासून कोरडवाहू शेतीवर संशोधन चाललंय, आणि बांध घालणं, पेर विरळ ठेवणं आणि कोळपणी करणं या साध्या गोष्टींवरच तिथं भर दिला गेला. रानातली मालदांडी ज्वारी बघा ना. परतीच्या पावसानं जमिनीत जी ओल ठेवली, तिच्यावरच ती सगळी थंडी काढते आणि कणसाला येते. ती ओल राखायचं काम तेवढं माणसाचं. परड्यात खुरप्यानं तेच करायचं आणि वर उसाचं पाचट अंथरायचं. आपल्या तालुक्यात उसाला काय तोटा! पाचट फक्त खोडाला टेकवू नका, चार बोटं लांब ठेवा.

आता भिंग घ्या आणि घेवड्याच्या या शेंड्याची खालची बाजू बघा. हिरवे-काळे ठिपके हलताहेत ना? हा मावा. यातल्या जवळजवळ सगळ्या माद्या आहेत. हिला पिल्लं व्हायला नर लागत नाही, अंडंही घालावं लागत नाही. ती जिवंत पिल्लं प्रसवते. त्याहून थक्क करणारं पुढं आहे. पिल्लू जन्माला येतं तेव्हा त्याच्या पोटात पुढच्या पिल्लांची घडण सुरू झालेली असते. आजी, आई आणि नात एकाच अंगात! आठवडाभरात पिल्लू स्वतः आई होतं. म्हणून सोमवारी चार दिसलेले पुढच्या सोमवारी शेंडा झाकून टाकतात. भर उन्हाळ्याचा ताप माव्याला सोसत नाही, थंडी मानवते.

मावा सोंड खुपसून झाडाचा रस पितो. त्या रसात साखर भरपूर आणि अंगाला लागणारं नत्र अगदी कमी. पुरेसं नत्र मिळवायला त्याला रस भरमसाट प्यावा लागतो, आणि उरलेलं गोड पाणी तो बाहेर टाकतो. ज्वारीच्या पानांवर ऊन पडलं की चकाकतो तो चिकटा हाच. मुंग्या या गोड पाण्यासाठी माव्याची राखण करतात, मिशांनी थोपटून थेंब घेतात, आणि मावा खायला आलेल्याला हाकलतात. म्हणून झाडावर मुंग्यांची रांग दिसली की पानं उलटून बघायची. युरिया जास्त झाला की रसात नत्र वाढतं आणि मावा जोमानं वाढतो. फाटकाच्या शेवंतीला युरिया नको म्हणालो ते यासाठीही.

आणि ही शेजारी काळपट, नारिंगी ठिपक्यांची, सहा पायांची अळी दिसतेय ना, हिला हात लावायचा नाही. लोक ओंगळ दिसते म्हणून हिलाच आधी चिरडतात. ही ढालकिड्याची अळी. ज्याच्या लाल पाठीवर काळे ठिपके असतात आणि ज्याला तुम्ही लेडीबर्ड म्हणता, त्याचं हे बाळपण. मोठी होईपर्यंत ही शेकडो मावा फस्त करते. अशा अळ्या दिसत असतील तर फवारणी करू नका, आठवडाभर थांबा. नसतीलच तर आधी नुसत्या पाण्याच्या धारेनं शेंडा धुवा. तरी हटला नाही तर निंबोळीचा अर्क: एका लिटरला ५० ग्रॅम निंबोळ्या कुटून रात्रभर भिजवायच्या, सकाळी गाळायचं, साबणाचे दोन थेंब टाकायचे आणि ऊन उतरल्यावर फवारायचं. विषारी औषधाची बाटली आपल्या परड्यात येणार नाही. जिथून भाजी काढून आपण थेट चुलीवर ठेवतो तिथं तिचं काम नाही.

भोगीच्या भाजीला काय काय लागतं? हरभऱ्याचे घाटे, घेवडा, वांगं, गाजर, बोरं, वरून तीळ, आणि सोबत बाजरीची भाकरी. घाटे, घेवडा, गाजर या दिवसांतच ऐन रंगात असतात. गाजर आत्ताच का गोड? दिवसा पानं साखर करतात आणि रात्री झाड श्वासोच्छ्वासात ती खर्च करतं. हवा १० अंशांनी गार झाली की हा खर्च साधारण निम्म्यावर येतो. दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारठा, म्हणजे कमाई चांगली आणि खर्च कमी. उरलेली साखर गाजरात जाऊन बसते. बोरीचं तर वेगळंच. पुष्कळ झाडं थंडीत निजतात, बोर मात्र चैत्र-वैशाखात पानं झाडून निजते. आपल्या मुलखात जीव घेतो तो उन्हाळा, हे तिला पक्कं ठाऊक. पावसाळ्यात ती फुलते आणि पौषात फळं देते. म्हणून बोरीची छाटणी आत्ता नाही, उन्हाळ्यात पानं झडल्यावर.

ज्वारीच्या रानावर काळ्या-गुलाबी पाखरांचे थवे उतरताहेत, बघितलेत? त्या भोरड्या. मध्य आशियातून आल्यात. तिकडं टोळ खाऊन पिल्लं वाढवली, आता इकडं आपल्या दाण्यांवर हात मारताहेत. शेतकऱ्याला गोफण घ्यावी लागते, पण परड्यात उतरल्या तर हाकलू नका. किडेही वेचतात.

संक्रांतीपासून दिवस तिळातिळानं मोठा होतो म्हणतात. खरं तर तो २२ डिसेंबरनंतरच वाढू लागतो, पण वाढतो संध्याकाळच्या बाजूनं. आपल्याकडं सूर्य सगळ्यात लवकर मावळतो तो नोव्हेंबरच्या शेवटी, आणि सगळ्यात उशिरा उगवतो तो संक्रांत उलटून गेल्यावर, २० जानेवारीच्या सुमाराला. पृथ्वीचा आस कललेला, आणि सूर्याजवळून जाताना तिचा वेगही वाढलेला. त्यामुळं या दिवसांत मध्यान्हच रोज काही सेकंदांनी उशिरा होते आणि दिवसाची दोन्ही टोकं पुढं सरकतात. सकाळी शाळेला जाताना तुम्हाला अजून अंधार वाटतो तो त्यामुळं.

तेव्हा उन्हाळी भाज्यांची घाई करू नका. भेंडीचं बी गार मातीत उगवत नाही, कुजतं. ते रात्रभर भिजवून जानेवारीच्या शेवटी, भिंतीच्या दक्षिणेच्या उबदार वाफ्यात टोका. थोरलीनं भेंडी घ्यावी, धाकट्यानं गवार. उत्तरेचा सावलीतला वाफा कुणी अडवायचा नाही, तो काकडीसाठी. आज तिथं ९ फूट सावली आहे, पण पाडव्याच्या सुमाराला ती ३ फुटांवर येईल, मेच्या दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी पार नाहीशी होईल, आणि त्यानंतर जुलैच्या शेवटापर्यंत भर दुपारी उलट्या बाजूला, दक्षिणेकडं पडेल. काकडीचं बी फेब्रुवारीच्या मध्याला टोकायचं, भिंतीपासून ६ फूट सोडून. फूटपट्टी घ्या, आत्ताच खुणेच्या काड्या रोवून ठेवू.